मर्यादांचे गणित : रेषीय असमीकरणे आणि त्यांचे आलेख

नागपूरहून पूर्वेकडे हावड्याच्या दिशेने जाणारा लोहमार्ग भंडारा, गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकीत रायपूरला पोहोचतो. या सगळ्या वाटेवर दुतर्फा दिसते ते मुख्यत्वे एकच पीक, आणि त्याला महाराष्ट्राच्या या पूर्व टोकाला व छत्तीसगडात एकच नाव आहे : धान. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत रायपूरच्या आसपासच्या गावांतील सहकारी समित्यांच्या आवारात धानाची सरकारी खरेदी चालते. शेतकरी पोती घेऊन येतो. धानाचा नमुना आर्द्रतामापक यंत्रात घातला जातो. काटा लावला जातो. नोंदलेली जमीन पाहिली जाते. आणि मग किती धान घ्यावयाचे ते ठरते.

या व्यवहारातील नियम बारकाईने पाहिले तर त्यांचे एक समान रूप ध्यानात येते. धानातील आर्द्रता १७ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी. एकरी २१ क्विंटलांपेक्षा अधिक धान स्वीकारले जाणार नाही. केंद्र शासनाने ठरविलेल्या किमान आधारभूत किमतीपेक्षा कमी दर दिला जाणार नाही. ‘अमुक इतके असलेच पाहिजे’ असे यांपैकी एकही नियम म्हणत नाही. प्रत्येक नियम एक सीमा आखतो आणि तिच्या एका बाजूला जे जे येते त्या सर्वांना मुभा देतो. शाळेत आपण बीजगणित शिकतो ते प्रामुख्याने समीकरणांचे. परंतु व्यवहारातील बहुतेक नियम समीकरणे नसतात. ते असमीकरणे असतात. म्हणूनच असमीकरण कसे सोडवावे आणि त्याचे चित्र कसे काढावे, हे गणिताच्या विद्यार्थ्याइतकेच सामान्य नागरिकालाही ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

चिन्हे आणि त्यांचा अर्थ

समीकरणात दोन राशी समान असल्याचे सांगितलेले असते. असमीकरणात त्यांपैकी एक दुसरीपेक्षा लहान किंवा मोठी असल्याचे सांगितलेले असते. ‘क्ष < ५’ याचा अर्थ क्ष ही संख्या ५ पेक्षा लहान आहे. ‘क्ष > ५’ याचा अर्थ ती ५ पेक्षा मोठी आहे. चिन्हाचे टोक नेहमी लहान राशीकडे असते. ही दोन चिन्हे इंग्रज गणिती टॉमस हॅरियट याच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली. ‘लहान किंवा समान’ आणि ‘मोठी किंवा समान’ हे अर्थ दाखविण्यासाठी चिन्हाखाली रेघ देण्याची पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे याने १७३४ साली वापरली. आज आपण ती ≤ आणि ≥ अशी लिहितो.

या दोन प्रकारांतील फरक क्षुल्लक नाही. ‘१७ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी’ या नियमात नेमके १७ टक्के आर्द्रतेचे धान स्वीकारले जाते, म्हणून तेथे ≤ हे चिन्ह योग्य. नियम ‘१७ टक्क्यांपेक्षा कमी असावी’ असा असता तर तेच धान परत गेले असते आणि चिन्ह < असे लिहावे लागले असते. सीमेवर उभा असलेला मनुष्य आत की बाहेर, हे त्या एका रेघेवर अवलंबून असते.

असमीकरणातील अज्ञात राशींचा केवळ पहिलाच घात येत असेल, म्हणजे क्ष चा वर्ग किंवा दोन अज्ञातांचा गुणाकार त्यात नसेल, तर त्याला रेषीय असमीकरण म्हणतात. हे नाव का पडले ते आलेख काढताना आपोआप स्पष्ट होईल.

उकल काढण्याची रीत

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची धानाखालील नोंदलेली जमीन ३ एकर आहे. एकरी २१ क्विंटलांप्रमाणे त्याच्याकडून जास्तीत जास्त ६३ क्विंटल धान घेतले जाईल. हे धान ४० किलोच्या पोत्यांत भरून येते. अशा पोत्याला या भागात कट्टा म्हणतात. त्याने पहिल्या खेपेस ६० कट्टे, म्हणजे २४ क्विंटल धान विकले आहे. आता तो आणखी किती कट्टे विकू शकेल?

उरलेल्या कट्ट्यांची संख्या न मानू. एक कट्टा म्हणजे ०.४ क्विंटल. म्हणून

२४ + ०.४ न ≤ ६३

दोन्ही बाजूंतून २४ वजा केले असता ०.४ न ≤ ३९, आणि दोन्ही बाजूंना ०.४ ने भागले असता न ≤ ९७.५ असे उत्तर मिळते. येथपर्यंतची रीत समीकरणाच्या रीतीसारखीच आहे. दोन्ही बाजूंत समान संख्या मिळविली, दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा केली, अथवा दोन्ही बाजूंना एकाच धन संख्येने गुणले वा भागले, तर असमीकरणाची दिशा बदलत नाही.

परंतु उत्तराचे स्वरूप मात्र वेगळे आहे. समीकरणाने आपल्याला एकच संख्या दिली असती, येथे ९७.५ पर्यंतच्या सर्व संख्या हाती आल्या. त्यांतून प्रश्नाला शोभणाऱ्या संख्या निवडणे हे आपले काम आहे. कट्टे पूर्णच मोजायचे असतील तर न ही पूर्ण संख्या असली पाहिजे आणि ती ऋण असून चालणार नाही. म्हणून ०, १, २ पासून ९७ पर्यंतची प्रत्येक संख्या ही उकल आहे. ९७.५ च्या जवळची म्हणून ९८ ही संख्या घेणे चूक ठरेल, कारण ९८ कट्ट्यांनी सीमा ओलांडली जाते. याउलट, ६३ क्विंटल धान भरण्यासाठी एकूण किती रिकामी पोती लागतील असे विचारले, तर ०.४ न ≥ ६३, म्हणजे न ≥ १५७.५ असे असमीकरण मिळते आणि किमान १५८ पोती लागतात. ‘जास्तीत जास्त’ असेल तेथे अपूर्णांक सोडून खालची पूर्ण संख्या घ्यावी, ‘कमीत कमी’ असेल तेथे वरची.

दिशा केव्हा उलटते

असमीकरणांत ज्या एका ठिकाणी विद्यार्थी हमखास चुकतात ते ठिकाण म्हणजे ऋण संख्येने गुणणे किंवा भागणे. पुन्हा खरेदी केंद्राकडेच वळू. समजा, धानातील आर्द्रता २२ टक्के भरली आणि ते वाळवून आणण्यास सांगण्यात आले. उन्हात पसरल्यावर दर तासाला आर्द्रता अर्ध्या टक्क्याने उतरते असे मानू. त तासांनंतर ती २२ − ०.५ त इतकी राहील. म्हणून

२२ − ०.५ त ≤ १७

दोन्ही बाजूंतून २२ वजा केले असता − ०.५ त ≤ − ५ असे मिळते. आता − ०.५ ने भागायचे. चिन्ह तसेच ठेवले तर त ≤ १० असे येईल, म्हणजे धान दहा तासांपेक्षा अधिक वाळवू नये! हे उघडच विपरीत आहे. खरी उकल त ≥ १० ही आहे : धान किमान दहा तास वाळवले पाहिजे. ऋण संख्येने गुणले किंवा भागले असता असमीकरणाची दिशा उलटते.

याचे कारण संख्यारेषेवर दिसते. २ ही संख्या ५ पेक्षा लहान आहे, कारण ती डावीकडे आहे. दोहोंना − १ ने गुणले की त्या शून्याच्या पलीकडे जातात. − ५ अधिक दूर डावीकडे आणि − २ शून्याजवळ. म्हणून − २ ही − ५ पेक्षा मोठी. शून्यापाशी आरसा धरला असता डावे-उजवे पालटावे तसे हे घडते. ज्याला नियम आठवत नसेल त्याने उत्तरातील एखादी सोपी संख्या मूळ असमीकरणात घालून पाहावी. वीस तास वाळविल्यास २२ − १० = १२, आणि १२ हे १७ पेक्षा कमी आहे; म्हणजे २० ही संख्या उकलीत असलीच पाहिजे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. धान वाळण्याचा वेग प्रत्यक्षात एकसारखा नसतो. आर्द्रता जसजशी कमी होते तसतसा तो मंदावतो. सरळ रेषेचा नियम ही सोय आहे, निसर्गाचे वचन नव्हे. शिवाय वाळवण्यालाही किंमत पडते. २२ टक्के आर्द्रतेच्या १०० किलो धानात ७८ किलो कोरडा भाग असतो. तेच धान १७ टक्क्यांवर आले की त्याचे वजन सुमारे ९४ किलो भरते, आणि १४ टक्क्यांवर आणले तर सुमारे ९१ किलो. सीमेच्या आत यावे, पण फार आत जाऊ नये, यातच शेतकऱ्याचे हित असते. उकलींचा संच विस्तृत असला तरी त्यातील सर्व उकली सारख्याच लाभाच्या नसतात, हा धडा पुढे आपल्या उपयोगी पडेल.

संख्यारेषेवरील आलेख

एका अज्ञाताच्या असमीकरणाचे चित्र संख्यारेषेवर काढतात. त ≥ १० यासाठी १० या बिंदूवर भरीव ठिपका द्यावा आणि तेथून उजवीकडची सर्व रेषा गडद करावी. सीमेवरची संख्या उकलीत समाविष्ट असल्याचे भरीव ठिपका सांगतो. त > १० असे असते तर ठिपका पोकळ ठेवावा लागला असता. दोन अटी एकाच वेळी पाळायच्या असतील, उदाहरणार्थ त ≥ १० आणि त ≤ १४, तर दोन्ही गडद भागांचा जो सामाईक तुकडा तीच उकल. ‘आणि’ या शब्दाचा गणितातील अर्थ सामाईक भाग असा आहे, हे येथेच मनात पक्के करावे.

प्रतलावरील आलेख

दोन अज्ञात असले की संख्यारेषा पुरत नाही, प्रतल लागते. वाचकाने चौकटींचा कागद घ्यावा. आडव्या क्ष-अक्षावर जमीन एकरांत मोजावी आणि उभ्या य-अक्षावर सरकारला विकलेले धान क्विंटलांत. उभ्या अक्षावरील एक घर १० क्विंटलांचे धरावे. कोणत्याही शेतकऱ्याची स्थिती आता कागदावर एका बिंदूने दाखविता येईल : ४ एकर जमीन आणि ५० क्विंटल विक्री म्हणजे (४, ५०) हा बिंदू.

खरेदीच्या मर्यादेचा नियम असा लिहिला जातो :

य ≤ २१ क्ष

त्याचा आलेख काढण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, चिन्हाच्या जागी समतेचे चिन्ह मानून य = २१ क्ष ही रेषा काढावी. ती (०, ०) आणि (४, ८४) या बिंदूंतून जाते. दुसरी, सीमा समाविष्ट असेल (≤ किंवा ≥) तर रेषा अखंड काढावी, नसेल (< किंवा >) तर तुटक. तिसरी, रेषेवर नसलेला एखादा बिंदू घेऊन तो असमीकरणात घालून पाहावा. विधान खरे ठरले तर त्या बिंदूच्या बाजूचे सर्व अर्धप्रतल ही उकल. खोटे ठरले तर पलीकडचे. शक्य तेथे (०, ०) हा आरंभबिंदू घेणे सोयीचे असते, परंतु येथे तो रेषेवरच आहे. म्हणून (१, १०) घेऊ : १० ≤ २१ हे खरे आहे. म्हणजे रेषेखालची बाजू ही मुभा असलेली बाजू. जमीन व विक्री ऋण असू शकत नाहीत, म्हणून या अर्धप्रतलाचा पहिल्या चरणातील भाग तेवढा घ्यावयाचा. सीमा रेषा असते म्हणून असमीकरण रेषीय. एका रेषेने प्रतलाचे दोन भाग होतात आणि असमीकरण त्यांपैकी एक निवडते.

कोणती मर्यादा बांधते?

छत्तीसगडमध्ये २०२२-२३ च्या हंगामापर्यंत ही मर्यादा एकरी १५ क्विंटल होती. २०२३-२४ च्या हंगामात ती प्रथम २० आणि नंतर २१ क्विंटल करण्यात आली. त्याच वेळी राज्याने क्विंटलमागे ३,१०० रुपयांचा भाव जाहीर केला. केंद्राची साधारण धानाची आधारभूत किंमत त्या वर्षी २,१८३ रुपये होती. मर्यादा वाढल्याने कोणाला किती लाभ झाला, हा प्रश्न राजकारणाचा वाटला तरी त्याचा एक भाग निखळ बीजगणिताचा आहे.

चौकटींच्या त्याच कागदावर य = १५ क्ष ही दुसरी रेषा काढा. जुनी मर्यादा आणि नवी मर्यादा यांच्यामध्ये पाचरीसारखा प्रदेश दिसेल. नियमाने खुला केलेला प्रदेश तो हाच. परंतु शासनाच्या नियमाखेरीज आणखी एक मर्यादा आहे : पिकलेच नाही ते विकता येत नाही. समजा, मटासी या हलक्या पिवळसर जमिनीवर, केवळ पावसाच्या भरवशावर, एकरी १२ क्विंटल धान होते. कालव्याचे पाणी मिळणाऱ्या जमिनीवर २४ क्विंटल होते. आणि प्रत्येक कुटुंब खाण्यासाठी व बियाण्यासाठी ८ क्विंटल ठेवून घेते. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण विचाराची दिशा त्यांच्यामुळे बदलत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी

य ≤ १२ क्ष − ८

आणि बागायती शेतकऱ्यासाठी

य ≤ २४ क्ष − ८

पहिल्या असमीकरणाची रेषा काढून पाहा. आरंभबिंदू घालून पाहिला तर ० ≤ − ८ असे खोटे विधान मिळते. म्हणजे उकल आरंभबिंदूच्या पलीकडच्या बाजूला आहे. ही रेषा क्ष-अक्षाला दोन-तृतीयांश एकरावर छेदते. त्याहून कमी कोरडवाहू जमीन असणाऱ्याकडे विकण्याजोगे धानच उरत नाही. खरेदीचा दर कितीही उंचावला तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय ही संपूर्ण रेषा य = १५ क्ष या जुन्या मर्यादेच्याही खालीच राहते. ४ एकरांचा कोरडवाहू शेतकरी ४० क्विंटल विकू शकतो. जुन्या नियमाने त्याला ६० क्विंटलांची मुभा होती, नव्याने ८४ क्विंटलांची झाली. त्याची विक्री ४० क्विंटलच राहिली. भाव वाढल्याचा लाभ त्याला झाला. मर्यादा वाढल्याचा झाला नाही.

बागायती शेतकऱ्याचे चित्र निराळे आहे. ४ एकरांतून तो ८८ क्विंटल विकू शकतो. पूर्वी त्याला ६० वर थांबावे लागे, आता ८४ पर्यंत जाता येते. २४ क्विंटलांची भर पडली आणि तरीही नवी मर्यादा त्याला थोडी अडवतेच. २ एकरांचा बागायतदार ४० क्विंटल विकू शकतो. पूर्वीची मर्यादा ३० होती, आताची ४२ आहे, म्हणजे तो पूर्णपणे मोकळा झाला. २४ क्ष − ८ आणि २१ क्ष या रेषा क्ष = २⅔ या ठिकाणी छेदतात. त्यापेक्षा कमी जमिनीच्या बागायतदाराला आता त्याचे पीक बांधते. त्यापेक्षा अधिक जमिनीच्या बागायतदाराला शासनाचा नियम बांधतो.

असमीकरणांच्या अभ्यासातून घ्यावयाची मुख्य गोष्ट हीच आहे. मनुष्यावर एकाच वेळी अनेक मर्यादा असतात. त्यांपैकी काही त्याला खरोखर बांधतात आणि काही सैल असतात. सैल मर्यादा आणखी सैल केल्याने काहीही बदलत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला बांधणारी मर्यादा समितीच्या वहीत नाही, त्याच्या शेतात आहे. ती पाण्याची आहे. आणि सैल मर्यादा अगदीच निरुपद्रवी असते असेही नाही. ज्याला ८४ क्विंटलांची मुभा आहे आणि जो ४० क्विंटलच पिकवतो, त्याच्या नावावरची ४४ क्विंटलांची रिकामी जागा इतरांच्या डोळ्यांत भरते. छत्तीसगडात कोचिया म्हणून ओळखला जाणारा दलाल बाहेरून स्वस्तात आणलेले धान अशाच खात्यावर खपवू पाहतो. दोन रेषांमधील मोकळ्या जागेचा हा उपयोग नियम करणाऱ्यांच्या मनात नसतो, पण आलेखावर ती जागा स्पष्ट दिसते.

अनेक असमीकरणे एकत्र

आता पाण्याकडे वळू. रायपूर आणि धमतरीच्या भागातील बरेचसे सिंचन महानदीवरील गंगरेल येथील रविशंकर सागर जलाशयावर अवलंबून आहे. याच पाण्यातून रायपूर शहराला आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही पुरवठा होतो. पावसाळ्यातील धान निघाल्यावर पाणी मोजूनच वापरावे लागते, आणि उन्हाळी धानाला ते फार लागते.

समजा, एका शेतकऱ्याकडे ५ एकर कन्हार, म्हणजे ओल धरून ठेवणारी काळी जमीन आहे. तिच्यावर तो काही भागात उन्हाळी धान व काही भागात हरभरा घेऊ इच्छितो. एका एकराला एकदा पाणी देणे म्हणजे एक पाळी असे मानू. धानाला एकरी १२ पाळ्या लागतात, हरभऱ्याला २. आणि त्याला एकूण ३० पाळ्या पाणी मिळणार आहे. धानाखाली क्ष एकर व हरभऱ्याखाली य एकर घेतले तर

क्ष + य ≤ ५
१२ क्ष + २ य ≤ ३०
क्ष ≥ ०, य ≥ ०

या चारही अटी एकाच वेळी पाळल्या पाहिजेत. नव्या कागदावर दोन्ही रेषा काढाव्यात. पहिली (५, ०) आणि (०, ५) यांतून जाते, दुसरी (२.५, ०) आणि (०, १५) यांतून. आरंभबिंदू दोन्ही असमीकरणांना पाळतो, म्हणून दोन्ही वेळा त्याच्याच बाजूचा भाग घ्यावा. सामाईक भाग हा चार कोपऱ्यांचा एक चौकोन होतो : (०, ०), (२.५, ०), (२, ३) आणि (०, ५). तिसरा कोपरा दोन्ही रेषांचा छेदबिंदू आहे; क्ष + य = ५ आणि १२ क्ष + २ य = ३० ही समीकरणे सोडवून तो मिळतो. या चौकोनातील प्रत्येक बिंदू म्हणजे शेतकऱ्याला शक्य असलेली एक योजना.

यांतील सर्वांत लाभाची कोणती? समजा, खर्च वजा जाता धान एकरी १८ हजार रुपये देते आणि हरभरा १२ हजार. एकूण लाभ १८ क्ष + १२ य हजार रुपये. लाभाची प्रत्येक रक्कम एक रेषा ठरवते आणि रक्कम वाढेल तशी ती रेषा स्वतःशी समांतर राहून वर सरकते. प्रदेशाला ती शेवटचा स्पर्श करते तो एखाद्या कोपऱ्यावर किंवा कडेवर. म्हणून केवळ कोपरे तपासले तरी पुरते. (२.५, ०) येथे ४५ हजार, (०, ५) येथे ६० हजार आणि (२, ३) येथे ७२ हजार. अधिक पैसा देणारे पीक धान असूनही केवळ धान लावणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो, कारण पाणी संपते आणि जमीन पडीक राहते.

पाण्याच्या पाळ्या ३० वरून २० वर आल्या तर छेदबिंदू (१, ४) वर सरकतो आणि लाभ ६६ हजारांवर येतो. दहा पाळ्या कमी झाल्याने ६ हजारांचे नुकसान. म्हणजे या शेतकऱ्याच्या दृष्टीने एका पाळीचे मोल ६०० रुपये. बाजारात ज्या वस्तूला किंमत चिकटविलेली नाही तिचेही मोल असमीकरणे अशा रीतीने सांगून जातात. मात्र धानाचा लाभ हरभऱ्यापेक्षा खाली घसरला की उत्तर एकदम (०, ५) या कोपऱ्यावर उडी घेते. भावातील लहान बदलांनी योजना बहुधा बदलत नाही. आणि बदलते तेव्हा ती थोडीथोडी नव्हे, एकदम बदलते.

या विद्येचा विस्तार

रेषीय असमीकरणांच्या संचांचा पद्धतशीर विचार फ्रेंच गणिती फूरिए याने १८२० नंतरच्या दशकात सुरू केला, परंतु त्याचे महत्त्व ओळखले जाण्यास शतक लोटावे लागले. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये कांटोरोविच याने प्लायवुड कारखान्यातील यंत्रांना कामे कशी वाटावीत या प्रश्नातून अशीच पद्धत शोधली. १९७५ साली त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा सहमान मिळाला. अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर याने १९४५ साली ७७ खाद्यपदार्थांमधून नऊ पोषक घटकांची गरज भागविणारा सर्वांत स्वस्त आहार अंदाजाने शोधला. त्याचा वार्षिक खर्च ३९.९३ डॉलर येत होता. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग याने प्रदेशाच्या कडांवरून एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाण्याची रीत तयार केली आणि तिची परीक्षा याच प्रश्नावर झाली. हातयंत्रांवर सुमारे १२० मनुष्यदिवसांची आकडेमोड केल्यावर उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिग्लरचा अंदाज केवळ २४ सेंटांनी चुकला होता.

अज्ञातांची संख्या हजारांवर गेली की कोपऱ्यांची संख्या मोजण्यापलीकडे वाढते. १९८४ साली ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना वेगळी वाट दाखविली. कडेने जाण्याऐवजी ती प्रदेशाच्या अंतर्भागातून उत्तराकडे जाते आणि मोठ्या प्रश्नांतही तिची आकडेमोड आटोक्यात राहते.

या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी असलेली कृती मात्र चौकटींच्या कागदावर करता येण्याइतकी साधी आहे : सीमा आखावी, बाजू निवडावी, सामाईक भाग शोधावा आणि आपला बिंदू कोणत्या रेषेला टेकला आहे ते पाहावे. पुढच्या वेळी एखादी मर्यादा वाढविल्याची घोषणा कानावर आली, तर वाचकाने एवढेच विचारावे की आजवर त्या रेषेला टेकलेले कोण होते. ४ एकर मटासी जमिनीच्या धन्याचे उत्तर आपण पाहिलेच आहे : त्याचा बिंदू त्या रेषेपासून कितीतरी खाली आहे, आणि तो वर सरकायचा असेल तर आधी पाण्याची रेषा हलली पाहिजे.